घाटावरच्या माणसांचंही लिहून घ्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लंडनच्या टेम्स नदीकाठच्या ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी’ या जुन्या पबवर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदानं, कारण ती जागा मी स्वतः पाहिली आहे, तिथल्या फरशीवर उभी राहिली आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मनाला लागलं. लेखात समुद्री चाचे आहेत, फाशीचा दोर आहे, न्यायाधीश आहेत, बिअरच्या चवीचं वर्णन आहे. त्या नदीवर ज्यांनी जन्मभर ओझी उपसली ती माणसं मात्र कुठेच नाहीत. मी वैनगंगेवरच्या ढिवराची लेक आहे. वडसा आणि आरमोरी यांच्या मधातलं आमचं गाव. बाबांनी घाटावर चाळीस वर्षं डोंगा चालवला. त्यामुळे नदीकाठच्या कुठल्याही जुन्या जागेची गोष्ट निघाली, की माझं लक्ष आधी पाण्यातल्या माणसाकडे जातं. पत्र लांबलं आहे, पण काटछाट न करता छापलंत तर उपकार होतील.

२०२२ मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने लंडनला होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली बाई मी, विमानात बसायची ती पहिलीच वेळ. नातीला सव्वा महिना झाला तेव्हा जवाई म्हणाले, “आई, आल्यापासून तुम्ही घरातच आहात. सांगा, काय पाहायचं?” मी म्हटलं, “राणीचा वाडा राहू द्या. मला नदी दाखवा. जिथं नावा लागत होत्या ती जागा.”

मुलीचं घर नदीच्या दक्षिणेला. तिथून रेल्वेगाडीत बसलो आणि नदीपलीकडे, तो पब आहे त्या वस्तीत, वॅपिंगला उतरलो. उतरता उतरता जवाई म्हणाले, “आई, आपण आत्ता नदीच्या खालून आलो.” मला खरं वाटेना. जहाजं चालणाऱ्या नदीखालून काढलेला जगातला पहिला बोगदा तो. मार्क ब्रुनेल आणि त्यांचा मुलगा इझाम्बार्ड या बापलेकांचं हे काम. १८२५ मध्ये सुरू झालं आणि १८४३ मध्ये बोगदा लोकांसाठी उघडला, म्हणजे अठरा वर्षं गेली. मधात कितीदा तरी नदी आत शिरली, आणि १८२८ च्या जानेवारीत सहा मजूर त्या पाण्यात गेले. आज त्यातून दर काही मिनिटांनी गाडी जाते आणि आतला माणूस मोबाईलवरून नजरही उचलत नाही. मी मात्र वर येईपर्यंत रामनाम घेत होते.

वर आलो तर दगडी रस्ता, घोड्यांच्या गाड्यांसाठी बसवलेला. दोन्हीकडे चार-पाच मजली विटांच्या वखारी. आता त्यांत श्रीमंतांची घरं आहेत, पण भिंतींवर जुन्या धक्क्यांची नावं तशीच रंगवलेली, आणि वरच्या मजल्यांवर माल ओढून घ्यायचे लोखंडी हात अजून जागेवर. दोन इमारतींच्या मधात एक अरुंद बोळ. बोळातून पुढं गेलं की दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. वखारी नंतर आल्या, या पायऱ्या त्यांच्याही आधीच्या. नावाडी इथं उतारू घेत. पूल कमी होते तेव्हा हजारो नावाडी या नदीवर पोट भरत होते, आणि त्यांचा नावाड्यांचा संघ सोळाव्या शतकापासूनचा आहे.

पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. भिंतीत एक लोखंडी कडं, गंजून पापुद्रे सुटलेलं, आणि त्याच्या खालचा दगड दोर घासून घासून खोलवर कापलेला. त्या खाचेत मी अंगठा घातला. अर्धा अंगठा आत गेला. आमच्या घाटावर बाबांचा सागाचा खुंटा होता, त्यालाही अशीच खाच होती. लहानपणी मी तीत बोट फिरवत बसायची. सात समुद्रापलीकडे तीच खाच भेटल्यावर माझे डोळे भरून आले. जवाई बिचारे घाबरले, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

तिथं ओहोटीला पाणी सुमारे वीस फूट उतरतं आणि नदीचं पोट उघडं पडतं. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. पबला लागूनच ‘पेलिकन स्टेअर्स’ नावाच्या पायऱ्या आहेत, त्यांनी खाली उतरलो. गोटे, विटांचे तुकडे, गुरांची हाडं, आणि पांढऱ्या मातीच्या नळ्यांचे तुकडेच तुकडे. जवाई म्हणाले, या तंबाखूच्या चिलमी. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या खलाशांनी, हमालांनी ओढून फेकलेल्या. परवान्याशिवाय तिथलं काही उचलता येत नाही, म्हणून मी नुसतं वाकून पाहिलं. एका नळीला दातांनी चावून पडलेली बारीक घडी होती. कोण असेल तो? काम करताना दोन्ही हात गुंतलेले असतील, म्हणून चिलीम दातांत धरलेली.

मग पब. मी दारूबंदीसाठी गावोगाव फिरलेली बाई, त्या दारात पाय अडखळला. जवाई म्हणाले, “आई, इथं लोक लेकरांना घेऊन जेवायला येतात. पण तुमचं मन नसेल तर बाहेरूनच पाहू.” मी म्हटलं, इतक्या दूर आले आहे तर आत जाते. चहा मागितला, तो मिळाला.

ही जागा १५२० च्या सुमारास सुरू झाली असं पबवाले सांगतात. मधात आग लागली, बांधणी बदलली. जुनी म्हणजे जमिनीवरची दगडी फरशीच काय ती उरली. दारापाशी ती झिजून बशीसारखी खोलगट झाली आहे. दारू देतात त्या ओट्यावर कथलाचा पत्रा मारलेला, जुन्या जर्मनच्या भांड्यासारखा मळकट चमकणारा. ओट्याखाली लाकडी पिंपं, आणि छताला आधार जहाजांच्या डोलकाठ्यांचा. पूर्वी या पबचं नाव ‘पेलिकन’ होतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे लोक त्याला ‘डेव्हिल्स टॅव्हर्न’ म्हणत, म्हणजे सैतानाचा गुत्ता. पुढं शेजारी नेहमी नांगर टाकणाऱ्या एका जहाजावरून आजचं नाव पडलं. जहाजाचं नाव ‘प्रॉस्पेक्ट’, नोंदणी व्हिट्बी बंदराची.

आपल्या लेखात हे सगळं आलं आहे. पण ते जहाज काय वाहत होतं? कोळसा. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते आणि लेख नेमका इथंच थांबतो.

चाच्यांबद्दल मला तक्रार नाही. जवळच ‘एक्झिक्यूशन डॉक’ होतं. तिथं समुद्रावरच्या गुन्हेगारांना फासावर देत आणि भरतीची तीन पाणी अंगावरून जाईपर्यंत प्रेत तसंच ठेवत. कॅप्टन किड या नावाजलेल्या चाच्याला २३ मे १७०१ ला तिथंच फाशी झाली. पहिल्यांदा दोर तुटला, मग पुन्हा चढवलं. त्याच्यावर जे आरोप होते त्यांत बंगालहून सुरतेला निघालेलं मालानं भरलेलं जहाज लुटल्याचा आरोप होता, म्हणजे त्या गोष्टीचं एक टोक आपल्याकडे आहे. पबच्या मागं पाण्यावर आजही एक फास टांगलेला आहे. पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात. माझं म्हणणं इतकंच, की किडची एक फाशी सगळ्या जगाला माहीत आहे आणि त्याच काठावर दीडशे वर्षं जे रोज चालत होतं ते कुणालाच माहीत नाही.

लंडन शहर कोळशावर जगत होतं. न्यूकॅसलकडून समुद्रमार्गे गलबतं येत, ती नदीच्या मधात उभी राहत, आणि तळातला कोळसा टोपल्यांनी उपसून होड्यांत टाकावा लागे. हे काम करणाऱ्यांना ‘कोल-व्हिपर’ म्हणत. नऊ जणांची टोळी. चौघं तळात उतरून टोपली भरत, चौघं वर दोर धरत, नववा टोपली रिकामी करी. दोर ओढायची तऱ्हा अशी, की ते चौघं शिडीसारख्या चार पायऱ्या चढत आणि दोर धरून एकदम खाली उडी घेत. त्यांच्या अंगाच्या वजनानं टोपली वर येई. पुन्हा चढायचं, पुन्हा उडी. दिवसभर. तळातल्या माणसाच्या नाकातोंडात भुकटी.

आणि या माणसांना काम कोण देई? काठावरचे गुत्तेवाले. जहाजाचा कप्तान त्यांच्याकडूनच टोळी घेई. जो जास्त पिईल त्याचं नाव आधी लागे. मजुरीही गुत्त्यातच हाती पडे, उधारी कापून. ज्याला प्यायची नव्हती त्यानंही प्यायची, नाहीतर उद्या घरी बसायचं. शेवटी १८४३ मध्ये पार्लमेंटनं कायदा केला आणि या मजुरांची नोंदणी व मजुरी गुत्त्यापासून तोडून वेगळ्या कचेरीत नेली. पुढं पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन तेव्हा व्यापार खात्यात होते, त्यांनी या कायद्याला हात दिला.

हे मला पबमध्ये कुणी सांगितलं नाही. नंतर जवाई मला तिथल्या जुन्या गोदीतल्या संग्रहालयात घेऊन गेले. १८०२ च्या वखारीत ते संग्रहालय आहे आणि आत खलाशांच्या वस्तीची एक अंधारी गल्ली उभी केली आहे, दुकानं, गुत्ता, सगळं. तिथून मनात घर केलं आणि मग मुलीनं ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचून दाखवली. ती वाचत होती, बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं, आणि मला आमच्या घाटावरचा शनिवार दिसत होता.

आमच्या घाटावर चिंचेखाली दारूची भट्टी होती. १९६५ ते १९७२ या काळातली आठवण सांगते आहे. तेव्हा आमचा भाग चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होता. जंगलातून बांबू आणि लाकूड बंड्यांनी घाटावर येई. दोन डोंगे एकमेकांना बांधून वर फळ्या टाकत आणि माल पलीकडे नेत. चढवायला-उतरवायला आमच्या ढिवरवाडीतले आणि शेजारच्या टोल्यातले लोक. ठेकेदाराचा माणूस शनिवारी मजुरी वाटायला यायचा तो भट्टीतच बसायचा. हजेरीची वही आणि दारूवाल्याची उधारीची वही एकाच पाटावर शेजारी शेजारी. आई धाकट्या भावाला कडेवर घेऊन बाहेर उभी राहायची. मी तिच्या लुगड्याला धरून. बाईमाणसानं आत जायची सोय नव्हती. मोहाचा तो आंबूस वास मला अजून कुठं आला तरी पोटात कालवतं. बाबा बाहेर आले की आई त्यांच्या तोंडाकडे पाहत नसे, मुठीकडे पाहत असे. मूठ घट्ट असली तर ती पुढं होऊन चालू लागे. मूठ सैल असली तर तिथंच खाली बसे.

बाबा वाईट नव्हते. शनिवारी भट्टीत बसले नाहीत तर सोमवारी त्यांच्या डोंग्याला माल मिळत नसे. हे कळायला मला पन्नास वर्षं लागली, आणि वॅपिंगच्या कोळसेवाल्यांची हकिकत वाचून कळलं. तोवर मी बाबांनाच दोष देत होते. ते हे ऐकायला उरले नाहीत.

खरं सांगायचं तर भट्टीची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. वरच्या गावात पाणी चढलं ही खबर आधी तिथं यायची. हरवलेला बैल, सोयरीक, कुणाच्या पायाला साप चावला, सगळं तिथं कळायचं. हिवाळ्यात दंडार या आमच्या लोकनाट्याची तालीम तिथंच, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. आमच्या झाडीपट्टीतले कितीतरी गाणारे गळे त्या चिंचेखाली तयार झाले. लंडनच्या त्या पबमध्येही असंच असणार. नदीकाठचं दारूचं घर म्हणजे एकाच जागी चावडी, मजूर अड्डा, सावकार आणि बैठक. म्हणूनच त्याचा इतिहास महत्त्वाचा आहे. पण तो आतल्या बाकावर बसून लिहिलेला असतो. बाहेर लेकरू घेऊन उभी असलेली बाई त्यात येत नाही. वॅपिंगलाही अशा बाया उभ्या राहत असतील, दुसरं काय.

१९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्याआधीच्या सभांना, मोर्चांना मी गेले आहे, शाळा सुटल्यावर, कधी रजा टाकून. मला भाषण येत नव्हतं. मी फक्त आईची आणि मुठीची गोष्ट सांगायची. बाया मान हलवत. जिल्ह्यात दारू पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही, आडवाटेनं ती येतेच. पण मजुरीचं वाटप दारूच्या पाटावर होणं थांबलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

वॅपिंगच्या शेजारच्या आणखी एका वस्तीबद्दल लिहिते, कारण तिथं आपली माणसं होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून आपल्याकडचे खलाशी, त्यांना ‘लस्कर’ म्हणत, त्या काठावर उतरत. पुढं पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे असत. परतीची बोट मिळेपर्यंत लंडनच्या थंडीत कित्येक लस्कर रस्त्यावर पडलेले असत, काही तिथंच गेले. त्यांच्यासाठी १८५७ मध्ये लाइमहाउसला एक निवाराघर उघडलं, त्याला पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांनीही देणगी दिली होती. संग्रहालयात त्यांची छायाचित्रं पाहिली. पातळ सुती कपडे, अनवाणी पाय, आणि मागं दगडी धक्का. त्यातला एखादा रात्री आईची आठवण काढून कोकणातल्या बोलीत काही पुटपुटला असेल. त्याचे शब्द कुणी टिपले नाहीत.

वॅपिंगची गोदी १८०५ पासून चालली आणि १९६९ मध्ये बंद झाली. मालाचे मोठे पेटारे आले, मोठी जहाजं आली, ती समुद्राजवळच थांबू लागली. वखारी ओस पडल्या, हमालांची मुलं दुसरीकडे गेली. पुढं तिथं महाग घरं झाली. पब राहिला, मोहल्ला गेला. आज पबच्या गॅलरीत बसून जो नदी पाहतो त्याच्या घरात कुणी ओझं वाहिलेलं नसतं.

आपल्याकडे ‘समुद्र कुठं आणि आपण कुठं’ असं कुणी म्हणेल. पण मी सिरोंचा तालुक्यात सहा वर्षं शिकवलं आहे. प्राणहिता गोदावरीला मिळते त्या संगमाजवळचं ते गाव. १८६० नंतर इंग्रजांनी तिथं अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं केलं होतं. ग्लासफर्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या नावाचं ग्लासफर्डपेठा हे गाव आजही आहे. आपल्या वऱ्हाड-नागपूरचा कापूस नदीनंच काकिनाड्याच्या बंदराला न्यायचा, अशी योजना होती. सर आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्यानं ती धरून लावली होती. नदीतले खडकाळ टप्पे ओलांडायला कालवे आणि दारं बांधायला घेतली, दुम्मागुडेमला, इंचमपल्लीला, वर प्राणहितेवर देवलमरीला. अमेरिकेत यादवी सुरू होती, इंग्लंडला कापूस हवा होता, म्हणून घाई. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये योजना सोडून दिली. ती पुरी झाली असती तर वर्धा, वैनगंगा आणि प्राणहितेच्या काठांवर बंदरांची गावं वसली असती, खलाशांच्या गल्ल्या झाल्या असत्या. त्यानंतरही सिरोंच्याच्या जंगलातला साग तराफे बांधून गोदावरीनं खाली राजमहेंद्रीकडे जातच होता. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी तराफ्यांच्या गोष्टी तेलुगू-मराठी मिसळून ऐकल्या आहेत. तेव्हा लिहून घेतल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मी शिक्षिका होते, वही-पेन रोज हातात होतं.

म्हणून आता मुद्द्याची विनंती.

वॅपिंगच्या कोळसेवाल्यांची हकिकत आज मला वाचायला मिळाली ती कुणामुळे? एका वर्तमानपत्रामुळे. १८४९ मध्ये लंडनच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या पत्रानं हेन्री मेह्यू नावाच्या बातमीदाराला शहरातल्या कष्टकऱ्यांकडे पाठवलं. तो त्यांच्या खोल्यांत गेला, धक्क्यावर गेला, आणि मजूर जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. किती मिळतात, किती कापतात, बायको काय करते, गुत्त्यात काय होतं. कायदा होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, त्यामुळे माणसं आधीचं आणि नंतरचं दोन्ही सांगू शकली. तो गेला नसता तर आज फक्त कॅप्टन किड उरला असता.

आपण वैनगंगेसाठी हे करावं. पुरवणीत दर रविवारी एक पान, नाही तर अर्धं. गोसीखुर्द धरणाच्या खाली पवनीपासून थेट सिरोंच्यापर्यंत जे जुने घाट आहेत, तिथल्या नावाड्यांना, जाळं टाकणाऱ्यांना, नदीच्या रेतीत डांगरवाड्या लावणाऱ्या बायांना बोलतं करावं. आरमोरी-ब्रह्मपुरीचा पूल झाला, रस्ते झाले, ते व्हायलाच हवे होते. बाळंतीण अडली म्हणून मध्यरात्री पुरात डोंगा घालायची वेळ आता येत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या माणसांजवळचं नदीचं ज्ञान त्यांच्याबरोबर जळून जातं आहे.

एक उदाहरण देते. पूर येणार हे बाबा कसं ओळखायचे? गढूळपणावरून नाही. त्याआधी पाण्यावर सुकी काडी, पानं, बारीक कचरा येतो, कारण वरच्या काठाची कोरडी जागा पाण्यानं धरलेली असते. मग फेस येतो, पिवळट, काठाला चिकटणारा. मग वास बदलतो. काडीकचरा दिसला की बाबा म्हणायचे, “पानी थांब म्हनते त थांबाव.” डोंगा वर ओढून खुंट्याला दोन वेढे देऊन बांधायचे आणि घरी येऊन बसायचे. समोर कितीही मोठा माणूस उभा असला, दुप्पट पैसे देतो म्हणाला, तरी नाही. भाताचे पऱ्हे पलीकडच्या वावरात वाळत असले तरी नाही. दुसरा नियम, डोंग्याची कड पाण्यापासून वीतभर वर राहिली पाहिजे. बाबा खरोखर वीत लावून पाहत. करंगळी ओली झाली तर एक माणूस खाली उतरवत.

आता धरणाची दारं उघडली की पाणी येतं, ते काडीकचऱ्याची वाट पाहत नाही. तरी वीतभर कडेचा नियम अजून तेवढाच खरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि सहा जणी बुडाल्या. ती बातमी आपल्याच अंकात वाचून मी दोन दिवस जेवले नाही. पोटासाठी बाया आजही डोंग्यात बसतात. कुणी चूक केली हे मी इथून सांगू शकत नाही. पण जुन्या नावाड्यांचे नियम कुठं तरी छापलेले असते, शाळेत मुलांना वाचून दाखवले असते, तर एखाद्या मुलीनं आईला सांगितलं असतं. मी स्वतः चौतीस वर्षं मुलांना पाठ्यपुस्तकातली जहाजं शिकवली, बाबांची वीत शिकवली नाही.

आमच्या गावात ऐंशी ओलांडलेले तीन नावाडी आहेत. एक काका तर वडशाच्या रेल्वे पुलापासून खाली तीन कोसांतले सगळे डोह नावानिशी सांगतात, कुठं खडक, कुठं रेती, कुठं भोवरा. त्यांतले काही डोह रेती उपसून मोडले, नदीनं जागा बदलली, पण नावं काकांच्या तोंडी आहेत. दुसऱ्यांना डोंगा एका खोडातून कसा कोरतात ते ठाऊक आहे, हत्यारांच्या नावांसकट. तिसऱ्यांच्या घरी आजी आहेत. त्या भट्टीबाहेर माझ्या आईच्या शेजारी उभ्या राहायच्या. भट्टीच्या आतलं बाप्यांना विचारा, बाहेरचं त्यांना विचारा. दोन्ही छापा.

मी माझ्यापरीनं दोनशे पानी वही केली आहे. सत्तर पानं भरली. पण माझं लिहिणं म्हणजे एका घाटाचं, एका घरचं. तुमच्याकडे तालुक्या-तालुक्यात वार्ताहर आहेत. आमच्याकडचा वार्ताहर तरुण आहे, चांगला मुलगा आहे, माझाच विद्यार्थी. त्याला या कामासाठी आठवड्यातला एक दिवस मोकळा द्या. शब्द बदलू नका, ‘पानी’चं ‘पाणी’ करू नका. ते म्हणतात तसंच छापा, वाचणाऱ्याला कळेल.

धान कापणी झाल्यावर आलात तर बरं, तेव्हा म्हाताऱ्यांना वेळ असतो आणि नदीही शांत असते. सकाळी या, उन्हं चढली की काका थकतात. घाटावर बाबांचा खुंटा अजून उभा आहे, वरून कुजला आहे, पण खाच शाबूत आहे. मी त्याला दरवर्षी डांबर लावते. वार्ताहराला मीच घाटावर घेऊन जाईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. आरमोरी, जि. गडचिरोली